गहू सुटला पण पीठ सुटेना: लहान मुलांचा सिलिअ‍ॅक आणि फूड ऍलर्जी घरात कशी सांभाळायची

सिलिअ‍ॅक (गव्हाने आतडं खराब होतं तो आजार) असल्याचा रिपोर्ट आल्यापासून सहा महिने माझ्या लेकीने पोळीचा तुकडा तोंडात घातला नव्हता, ब्रेड नाही, बिस्किट नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा नाही, आणि तरी सहा महिन्यांनी रक्ताची टेस्ट केली तर आजाराचा आकडा हलायलाच तयार नाही. डॉक्टर म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय पोटात. मी शपथेवर सांगायला तयार होते की नाही जात म्हणून. मग त्यांनी विचारलं, भाकरीचं पीठ कुठून आणता? कोपऱ्यावरच्या गिरणीतून, अजून कुठून आणणार. ज्वारी आमची गावाकडची, पण आमच्या डब्याच्या आधी त्याच चक्कीतून कुणाचा तरी पाच किलो गहू दळून गेलेला असायचा आणि त्याचं उरलेलं पीठ आमच्या पिठात यायचं. दुसरा चोर निघाला हिंग, तो पुढे सांगते.

आता तीन वर्षं झाली, लेक साडेसात वर्षांची आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उंचीही वर्गातल्या मुलांच्या बरोबरीला आलीये. ज्यांच्या घरी हे आत्ता आत्ता कळलंय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. बहिणीच्या मुलाला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे, त्यामुळे तो भागही लिहिलाय. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण डॉक्टर पंधरा मिनिटं भेटतात आणि स्वयंपाकघर दिवसभर असतं, म्हणून हा उद्योग.

आधी हे वेगळं करा: सिलिअ‍ॅक आणि ऍलर्जी एक नाही

आपल्याकडे सगळ्यालाच "गव्हाची ऍलर्जी" म्हणतात, मी पण लोकांना समजावताना कंटाळून तसंच म्हणते. पण घरच्यांना फरक माहीत पाहिजे. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नाही, गव्हासारखं परदेशी धान्य) यांतलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला जी बारीक बारीक लव असते, जिच्यातून अन्न अंगी लागतं, ती झिजून सपाट होते. म्हणून मूल खातं पण अंगी लागत नाही. हे हळूहळू होतं, एका घासाने ऍम्ब्युलन्स बोलवावी लागत नाही, पण हे आयुष्यभराचं आहे, मोठं झाल्यावर जाईल असं नाही.

ऍलर्जी म्हणजे शरीर त्या पदार्थाला शत्रू समजून लगेच, काही मिनिटांत ते दोनेक तासांत, भडकतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या, खोकला, श्वास लागणं. हिच्यात जीवाला धोका होऊ शकतो, पण बऱ्याच मुलांची दुधाची, अंड्याची, गव्हाची ऍलर्जी वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची मात्र पाचातल्या एखाद्याचीच जाते. म्हणजे एकात घाई नाही पण सुटका नाही, दुसऱ्यात सुटका असू शकते पण घाई आहे. दोन्हीला एकच नियम लावला की घोळ होतो.

पायरी पहिली: टेस्ट होईपर्यंत गहू बंद करू नका

ही चूक सगळेच करतात. कुणीतरी सांगतं गहू बंद करून बघ, पोट सुधारतं, मग टेस्ट करायला गेलं की टेस्ट निगेटिव्ह, कारण रक्तातल्या ज्या अँटीबॉडी शोधायच्या असतात त्या गहू बंद केल्यावर कमी होत जातात. मग डॉक्टर सांगतात परत काही आठवडे रोज गहू खायला घाला, आणि सुधारलेलं मूल आपल्या हाताने परत आजारी पाडायचं, ते फार जड जातं.

कधी शंका घ्यायची? जुलाब आणि फुगलेलं पोट हे पुस्तकातलं चित्र झालं. पण नुसतं बद्धकोष्ठ, सारखी तोंड येणं, दातांवर डाग किंवा खड्डे, चिडचिड, उंची न वाढणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आयर्नचं सिरप देऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, असंही असतं. आमच्याकडे हेच झालं, हिमोग्लोबिन 7.8, वर्षभर सिरप चालू, "खात नाही नीट, लाड करता तुम्ही" हे ऐकून घेतलं, आणि मग दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत टीटीजी ही रक्ताची टेस्ट लिहून दिली. टाइप वन डायबिटीस, थायरॉइड किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये, आणि ज्यांच्या आईवडील भावंडांपैकी कुणाला सिलिअ‍ॅक आहे त्यांच्यात, लक्षणं नसली तरी तपासायला सांगतात. घरातल्या जवळच्या रक्ताच्या माणसांत शंभरात पाच ते दहा जणांना निघू शकतं. आमच्या धाकट्याची केली, निगेटिव्ह आली, पण डॉक्टरांनी पुढे परत करायला सांगितलीय.

टेस्ट म्हणजे टीटीजी आयजीए, आणि तिच्यासोबत टोटल आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचाच एक प्रकार). ही दुसरी मुद्दाम मागा, कारण काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिली टेस्ट उगाचच निगेटिव्ह दिसते. पॉझिटिव्ह आली की मुलांच्या पोटाच्या डॉक्टरकडे, म्हणजे पीडियाट्रिक गॅस्ट्रोकडे जायचं. ते दुर्बिणीने लहान आतड्याचे बारीक तुकडे घेऊन बायोप्सी करतात. टीटीजी नॉर्मलच्या 10 पटीच्या वर असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची टेस्टही पॉझिटिव्ह आली तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं असं युरोपातल्या मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2020 च्या नियमात आहे, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. जीनची टेस्ट कुणी नुसती विकत असेल तर घेऊ नका, ते जीन तीसेक टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. आणि केसांवरून किंवा आयजीजी नावाच्या पॅनलवरून शंभर पदार्थांची यादी देणारे जे लॅबवाले असतात त्यांच्या नादाला तर लागूच नका, त्या यादीवरून मुलांचं दूध, डाळ, टोमॅटो सगळं बंद केलेले आईबाप मी पाहिलेत.

पायरी दुसरी: काय बंद, काय चालू

बंद म्हणजे गहू आणि गव्हाची सगळी भावंडं: पोळी, मैदा, रवा, दलिया, लापशी, शेवया, पाव, खारी, टोस्ट, नान. खपली गहूसुद्धा बंद. हे ठळक लिहायला पाहिजे कारण सध्या खपलीचं फार कौतुक चाललंय, "जुना देशी गहू आहे, पचायला हलका, चालतो" असं दुकानदारच सांगतात. खपली हा गहूच आहे, ग्लूटेन आहे, सिलिअ‍ॅकच्या मुलाला चालत नाही. बन्सी पण नाही, शरबती पण नाही.

जव म्हणजे बार्ली, आणि जवापासून होणारं माल्ट. इथे दुधात घालायच्या पावडरी येतात, हॉर्लिक्स आणि बोर्नव्हिटासारख्या, आणि बरेचसे कॉर्नफ्लेक्स पण, कारण मका असला तरी चवीला माल्ट घातलेलं असतं.

आता आपले मराठी घरातले छुपे रुस्तम, जे इंटरनेटवरच्या याद्यांत सहसा सापडत नाहीत. मेतकूट, त्यात गहू असतो. थालीपिठाची भाजणी, बहुतेक घरात गहू घालतात. सातूचं पीठ, गहू आणि डाळं. कुरडया, त्या तर गव्हाच्या चिकाच्याच. बाजारातलं नाचणी सत्त्व, पाकिटावर नाचणीचं चित्र आणि मागे बघाल तर गहू नाहीतर माल्ट. नाचणी बिस्किटांत बऱ्याचदा मैदाच जास्त. मल्टिग्रेन म्हणजे बहुतेक वेळा गहूच. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर सहसा गहूही असतो, म्हणून चायनीज बंद.

आणि हिंग. डबीतला जो पिवळा बांधानी हिंग असतो त्यात खरा हिंग थोडाच, बाकी पीठ, आणि ते बऱ्याच कंपन्यांत मैद्याचं असतं. आपल्या प्रत्येक फोडणीत हिंग. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीच्या मागे वाचून घ्या. खडा हिंग म्हणून सुटा मिळतो त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. हे कळल्यावर महिनाभर मी हिंगच बंद केला, वरणाला कुणी नाव ठेवलं नाही.

चालू काय, तर यादी मोठी आहे आणि इथेच महाराष्ट्रात जन्माला आल्याचं बरं वाटतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, कडधान्यं, पोहे, चुरमुरे, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळं, तूप, तेल, गूळ. उपवासाला जे चालतं ते जवळजवळ सगळं चालतं, आमच्याकडे एकादशीला पूर्ण घर लेकीचं जेवण जेवतं आणि त्या दिवशी ती फार खूष असते. उत्तर भारतात केलेल्या पाहणीत शंभरात साधारण एकाला सिलिअ‍ॅक निघाला आणि दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास, तिकडे गहू रोजचा आणि इकडे भात, हे त्याचं एक मोठं कारण मानतात. आपण मधले, भाकरी विसरून पोळीकडे गेलेले. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या की त्यांच्या लहानपणी पोळी सणाला व्हायची, रोज भाकरी. तेव्हा आमची लेक कुणाला वेगळी वाटलीच नसती.

ओट्स शुद्ध असतील तर बऱ्याच मुलांना चालतात पण साध्या पाकिटातल्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो, म्हणून सुरुवातीला नकोच. आणि निदान झाल्यावर पहिले काही आठवडे दूधही पचायला जड जाऊ शकतं, कारण दूध पचवणारं एन्झाइम त्याच झिजलेल्या लवेवर असतं. आतडं भरून आलं की चालतं, घाबरून कायमचं दूध तोडू नका.

पायरी तिसरी: दळण

किती गहू चालतो, असा प्रश्न सगळे नातेवाईक विचारतात. हिशोब असा सांगते मी. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलंय. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरली तर त्यात तीनेक ग्रॅम ग्लूटेन. म्हणजे पोळीचा साठावा भाग. पोळीचे साठ तुकडे करून त्यातला एक रोज. गिरणीतून येताना पिठात एवढा गहू सहज येतो.

तर करायचं काय. एक, पीठ विकत न आणता अख्खं धान्य आणायचं. ज्वारी-बाजरीत अधूनमधून गव्हाचे दाणे असतातच, पोत्यांतून, गाडीतून, बाजारातल्या ढिगातून येतात. ताटात पसरून निवडायची, मग दोनतीन पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवायची. दोन, दळायचं घरी. आम्ही घरघंटी घेतली, थोडा खर्च आहे पण तीन वर्षांत याच्यापेक्षा चांगला खर्च केला नाही. फक्त तिच्यात गहू कधीच, म्हणजे कधीच दळायचा नाही, पाहुण्यांनी मागितली तरी नाही, शेजारणीला राग आला तरी नाही. जुनी वापरलेली घेऊ नका, आतलं पीठ निघत नाही. थोडंच लागत असेल तर मिक्सरचं एक वेगळं भांडं पण चालतं, तांदूळ धुऊन वाळवून त्यात दळून चाळून घेता येतो.

घरघंटी शक्यच नसेल तर गिरणीवाल्याशी बोला. "ज्वारीवर ज्वारी टाका" असं आपण सांगतोच, पण तेवढ्याने सिलिअ‍ॅकचं भागत नाही, हवेत पीठ उडत असतं आणि चाळणी तीच असते. काही गिरण्यांत उपवासाचं किंवा तांदळाचं वेगळं यंत्र असतं, त्यावर करून बघा, आणि पुढच्या टेस्टच्या आकड्यावरून ठरवा. मसाल्याच्या डंकावरही विचारून घ्या आधी काय कुटलंय.

पायरी चौथी: ओटा

पूर्ण घराने गहू सोडायचा का? आमच्याकडे नवऱ्याला पोळी लागते, मग आम्ही दोन टाइम ठरवले. आधी लेकीचा स्वयंपाक, तो झाकून बाजूला, मग कणीक बाहेर निघते. उलटं करायचं नाही, कारण कणीक मळताना पीठ उडतं आणि उघड्या भाजीवर बसतं.

वेगळं काय लागतं: पोळपाट-लाटणं (लाकडात पीठ मुरतं, कितीही घासा), भाकरीचा तवा, पिठाची चाळणी, तळणीचं तेल, लाकडी चमचे, आणि जाड फडकं. स्टीलची परात, कुकर, कढई नीट घासली की चालते. चाळणीचं विसरू नका, मी विसरले होते. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडे तळले की ते वडे तिच्यासाठी बाद. तिच्या वस्तूंना मी लाल रिबीन बांधलीय, कामाला येणाऱ्या मावशींना एकदाच सांगितलं, लाल म्हणजे ताईचं, त्यानंतर त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या. चटणी, लोणचं, तूप, जॅम यात पोळीचा हात लागलेला चमचा जातो, म्हणून तिच्या छोट्या वेगळ्या बरण्या.

पायरी पाचवी: रोजचं खाणं

पहिल्या महिन्यात मी ग्लूटेन फ्री ब्रेड, पास्ता, कुकीज ऑनलाइन मागवून पैसे घालवले. महाग, रबरासारखं, आणि त्यात साखर आणि स्टार्चच जास्त. मुलं एकदा सुधारायला लागली की भूक प्रचंड वाढते आणि या बिस्किटांवर वजन नुसतं फुगतं. प्रवासाला एखादं पाकीट ठीक आहे.

रोजला भाकरी, घावन, आंबोळी, धिरडी, पानगी, इडली, पोहे, साबुदाणा खिचडी, मुगाचे डोसे. ज्यांना भाकरी थापता येत नाही (मला येत नव्हती, खोटं कशाला बोलू) त्यांनी उकड काढायची. एक वाटी पाणी मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळायचं, त्यात एक वाटी तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ घालून झाकून पाच मिनिटं ठेवायचं, कोमट झालं की चांगलं मळायचं. ग्लूटेन नसल्यामुळे या पिठाला चिकटपणा नसतो, गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. मग पोळीसारखी लाटता येते, डब्यात मऊ राहते. रोल करायचा असेल तर पिठात चमचाभर इसबगोल घाला, तुटत नाही.

भाजणी माझी अशी: 2 वाट्या ज्वारी, 1 वाटी बाजरी, 1 वाटी तांदूळ, 1 वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी धणे, चमचाभर जिरे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून घरघंटीत. घरात कुणाला गहू नसल्याचं कळलं पण नाही.

नाचणी आठवड्यातून तीनचार वेळा असू द्या, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि या मुलांची हाडं मागे पडलेली असतात. डॉक्टर आयर्न, व्हिटॅमिन डी देतात ते बंद करू नका. नुसत्या भातावर ठेवलं तर पोट साफ होत नाही, भाज्या, उसळी पाहिजेतच.

लेबल वाचणं

एफएसएसएआय म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे ज्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन आहे त्यालाच ग्लूटेन फ्री म्हणता येतं. 20 ते 100 मधलं असेल तर "लो ग्लूटेन", ते आपल्यासाठी नाही. पाकिटाच्या मागे ऍलर्जनची ओळ असते, त्यात ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे वगैरे, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोया हे सांगणं बंधनकारक आहे. मी आधी ती ओळ वाचते, तिथे गहू नसेल तर वरची यादी: माल्ट, सेमोलिना (रवा), रिफाइंड फ्लोअर (मैदा), बार्ली, सिझनिंग, हिंग. नेहमीचं पाकीट पण दर वेळी वाचायचं, कंपनी न सांगता रेसिपी बदलते. "व्हीट फ्री" म्हणजे ग्लूटेन फ्री नाही, त्यात जव असू शकतो. सुटं फरसाण आणि गाडीवरची भजी यांना लेबल नसतं, म्हणून ती नाहीच. वडा बेसनाचा असला तरी कढईतलं तेल सामोशाचं असतं.

शाळा, सण आणि "दोन घासांनी काय होतंय"

शाळेत जून महिन्यातच क्लासटीचरना भेटा, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय होईल, कुणाला फोन करायचा. लांबलचक माहिती कुणी वाचत नाही. मी वर्गात एक डबा ठेवलाय, त्यात राजगिरा चिक्की आणि मखाणे, कुणाचा वाढदिवस असला की बाई त्यातलं देतात. खेळायचा रंगीत क्ले काही कंपन्यांचा गव्हाच्या पिठाचा असतो, हाताला लागून काही होत नाही पण हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि मुलीला स्वतःला शिकवा. चार वर्षांची पण शिकते. "मला गहू चालत नाही, आईला विचारते" एवढं वाक्य पाठ.

सणांचं सांगायचं तर गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत अनारसे, चकली, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा हे आपलंच आहे. करंजी, शंकरपाळी, रव्याचे लाडू, पुरणपोळी नाही. पुरण वाटीत तुपाबरोबर देते, तिला तेच जास्त आवडतं. खरा पेच सत्यनारायणाच्या प्रसादाला येतो. शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. आमच्या भटजींना विचारलं, ते म्हणाले केळं आणि पंचामृत पण प्रसादच आहे. आता आमच्याकडे शिरा वरीच्या तांदळाचा होतो आणि दुसऱ्यांकडे ती केळं घेते.

नातेवाइकांना समजावणं मात्र वेगळंच प्रकरण आहे. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." होतं, नाव नव्हतं. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांना आधीपासून गव्हावर संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि बाकीची मुलं सुकत असताना ही पोटाची आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. ही गोष्ट मी सासऱ्यांना सांगितली आणि त्या दिवसापासून ते बाजूने झाले, आत्याबाई अजून नाहीत. "थोडं थोडं देऊन सवय लावा" हे सिलिअ‍ॅकमध्ये चालत नाही, आणि मुलाला काही त्रास दिसला नाही तरी आतडं आतून खराब होतं, हे शांतपणे परत परत सांगत राहायचं. चुकून पोटात गेलंच तर त्यावर उतारा म्हणून औषध नाही, पाणी, ओआरएस, हलकं खाणं, आणि मुलावर ओरडायचं नाही. ओरडलं की पुढच्या वेळी लपवतात.

ऍलर्जी असेल तर

भाचा दोन वर्षांचा होता, संक्रांतीला चिक्कीचा तुकडा खाल्ला, पाच मिनिटांत तोंड सुजलं, उलटी, मग श्वासाचा घरघर आवाज. दवाखाना खालच्याच चौकात होता म्हणून निभावलं.

शेंगदाण्याची ऍलर्जी मराठी घरात सिलिअ‍ॅकपेक्षा अवघड आहे असं माझं मत. दाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबीर, खिचडी, भरली वांगी, चटणी, लाडू, आमटीत पण घालतात. बहिणीने कूट घरातून पूर्ण बंद केलं आणि जाडसरपणाला तीळ किंवा खोबरं वापरते, तीळ चालतात हे आधी डॉक्टरांकडून तपासून घेऊन, कारण तिळाचीही ऍलर्जी असते. घाण्याचं शेंगदाणा तेल पूर्ण बंद, त्यात प्रोटीन राहतं. बाहेर जेवताना "दाणे आहेत का" विचारलं की नाही म्हणतात, "कूट आहे का, ग्रेव्हीत काय वाटलंय" असं विचारायचं.

दुधाची ऍलर्जी असलेल्या बाळाला शेळीचं दूध द्या असं घरोघरी सांगतात. देऊ नका. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रोटीन इतकी सारखी आहेत की बहुतेक बाळांना शेळीच्या दुधानेही तसाच त्रास होतो. लेबलवर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच. दूध तोडताना कॅल्शियम आणि प्रोटीनचं काय, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, बाळाचं वाढीचं वय असतं.

टेस्ट म्हणजे त्वचेवर टोचून करतात ती किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई, म्हणजे त्या पदार्थाविरुद्धच्या ऍलर्जीच्या अँटीबॉडी मोजणारी. पण नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मूल तो पदार्थ आरामात खातंय तर ती ऍलर्जी नाही. घरी "थोडं चाटवून बघू" हा प्रयोग अजिबात नको, ते हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर करतात.

जोरदार रिऍक्शनमध्ये, म्हणजे श्वास लागतोय, आवाज बसला, मूल पांढरं पडून गळून गेलं, किंवा अंगावर गांधी आणि सोबत उलट्या-खोकला, तर औषध एकच, ऍड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सेट्रिझिनसारखं सिरप खाज कमी करतं, जीव वाचवत नाही, ते देऊन वाट बघत बसू नका. परदेशात मिळतं ते पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बहिणीला डॉक्टरांनी ऍम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) फोडून सिरिंज कशी भरायची ते शिकवलं आणि वजनाप्रमाणे किती एमएल ते चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी पाऊचमध्ये असते, दर सहा महिन्यांनी वजन वाढलं की बदलते, आणि एक्स्पायरी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलीय. संत्र्यात पाणी टोचून सगळ्यांनी प्रॅक्टिस केली, आजोबांनी पण. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, पाय वर, श्वासाला त्रास असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही, आणि 108 ला फोन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

आणि घरात नवीन बाळ असेल तर भीतीपोटी शेंगदाणा, अंडं दोन-तीन वर्षं लांबवू नका. 2015 मध्ये आलेल्या लीप नावाच्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर ऍलर्जी 81 टक्क्यांनी कमी झाली. बहिणीच्या धाकटीला एक्झिमा (त्वचेचा खाजरा आजार) होता म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं, मग सहा महिन्यांनंतर पातळ पेस्ट करून सुरू केलं. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो.

पुढचं फॉलोअप

सिलिअ‍ॅकमध्ये साधारण सहा महिन्यांनी टीटीजी, मग वर्षाने, आणि नॉर्मल झाल्यावर वर्षातून एकदा. पूर्ण नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, पण आकडा खाली येत राहिला पाहिजे. अडकला तर मुलाला दोष द्यायच्या आधी गिरणी, हिंग, चाळणी, तळणीचं तेल, शाळेतला डबा या क्रमाने शोधा. सोबत उंची-वजनाचा तक्ता, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), व्हिटॅमिन डी, थायरॉइड. कुठलंही नवीन औषध लिहून दिलं की त्यात गव्हाचा स्टार्च आहे का हे केमिस्टला विचारा, तो वैतागतो, विचारा तरीही.

घरघंटी लावल्यानंतर चार महिन्यांनी आमचा आकडा पहिल्यांदा निम्म्यावर आला. लेकीला काय, तिला फक्त एवढंच कळलं की आता भाकरी खाल्ल्यावर पोट दुखत नाही, आणि तिने त्या दिवशी तिसरी भाकरी मागितली.